खोलगट बाजू

रोमच्या आमच्या टांकसाळीत पितळी नाण्याला दोन माणसं लागतात. एक जण तापलेली चकती खालच्या ठशावर ठेवून "हं" म्हणतो, मग दुसरा वरच्या ठशावर घण घालतो. घण माझा. चकत्या ठेवायचा म्हातारा हर्मेरोस, ज्यानं मला हे काम शिकवलं. चकती कलली की तो अंगठ्यानंच सरळ करायचा. चटके खाऊन त्यावर आडवा व्रण पडला होता.

त्या सकाळी मी रथांच्या शर्यतीवरून मागच्या घणवाल्याची टर उडवत होतो. हाकेची वाट न पाहताच घण घातला. हर्मेरोसचा अंगठा ठशाखाली होता.

"हाक दिली होती?" मुकादमानं विचारलं.

हर्मेरोस माझ्याकडे बघत राहिला. खरं मी सांगावं, एवढंच त्याला हवं होतं.

"दिली होती," मी म्हणालो.

"दामास म्हणतो तर दिली असेल मी," हर्मेरोस म्हणाला.

स्वतःच्या चुकीनं थोट्या झालेल्या गुलामाला खाणीत धाडतात. गाडी तीन दिवसांनी निघणार होती.

त्याच्या जागी झोतिकोस आला. कधी नाणं वरच्या ठशाला चिकटून राहतं. मग पुढच्या चकतीवर एका बाजूला सम्राटांचा चेहरा उठतो, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट, उलटा. दुसऱ्या दिवशी तसं एक नाणं निघालं. खोलगट बाजूला चेहरा नव्हता. बारीक गोल रेषा होत्या, आणि त्यांवर एक आडवा व्रण.

"कुणाचा रे हा अंगठा?" झोतिकोस हसला.

मी ते मुशीत टाकलं. दुपारपर्यंत आणखी चार निघाली. तिसऱ्या दिवशी अकरा. तीही मी गुपचूप वितळवली. लाज वाटते सांगायला, पण मला म्हाताऱ्याची नाही, मुकादमाच्या नजरेची भीती वाटत होती.

मुकादमानं मला बाजूला घेतलं. "गाडी जुंपलीय. म्हाताऱ्याची चूक नसेल तर आत्ता बोल. त्याला नाणी तोलायला तराजूवर बसवतो. तुला फटके बसतील, एवढंच."

एवढंच.

"चूक त्याचीच," मी म्हणालो.

गाडी गेली.

त्यानंतर एकही नाणं बिघडलं नाही. "आता हात बसला बघ तुझा," झोतिकोस म्हणाला.

संध्याकाळी काजळी धुताना माझ्या उजव्या अंगठ्याकडे लक्ष गेलं. त्यावर एकही रेष नव्हती. नुसती गुळगुळीत कातडी.