नाताळचा फराळ, दिवाळीत

"ताई, फराळ या वर्षी दिवाळीतच करून टाक ना!"

जयवंत हे इतक्या सहज बोलून गेला की रतनताईंच्या हातातली परात तशीच अधांतरी राहिली...

"दिवाळीत? अरे, आपला फराळ नाताळात असतो! आई होती तेव्हापासून!"

"करंज्या त्याच, अनारसे तेच. दोन महिने आधी केले तर काय बिघडलं? शेजाऱ्यांकडे ताटं गेली की झालं. मग डिसेंबरात कोणी विचारायला नको, हे कशाचं म्हणून."

विलेपार्ल्याच्या या सोसायटीत ते उन्हाळ्यात राहायला आले होते. आडनाव साळवे, नावं जयवंत, त्याची बायको नीला आणि थोरली बहीण रतन. कमिटीने काय समजायचं ते समजून घेतलं आणि जयवंतने ते समजू दिलं. तिथे ख्रिस्ती माणसाला घेत नाहीत, असं त्याला ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, देव जाणे! पण सभासदत्वाचा अर्ज जानेवारीच्या सभेत येणार होता आणि तोवर हा मनुष्य स्वतःच्याच घरात चोरासारखा वावरत होता. आधी त्याने बायबलच्या वचनांची चौकट भिंतीवरून उतरवली. मग जिन्यात कोणाला मराठी ख्रिस्ती रीतीने "सलाम" म्हणायची बंदी आली. मग जेवणाआधीची प्रार्थना खिडक्या लावून, पुटपुटत...

रतनताई सोसत राहिल्या. सोसायची सवयच होती त्यांना! वडील, नगरकडच्या मिशन शाळेतले मास्तर, गेले तेव्हा जयवंत नऊ वर्षांचा होता. ताईंनी नर्सची नोकरी धरली, त्याला शिकवलं, दोनदा चालून आलेलं चांगलं स्थळ परत पाठवलं, आणि त्याबद्दल आजवर एक शब्द बोलून दाखवला नाही. आताही बोलल्या नाहीत. अंतःकरण आतल्या आत जळत असताना त्यांनी दिवाळीच्या करंज्या तळल्या आणि अकरा घरी ताटं पाठवली. "झकास झाल्यात गं करंज्या, रतन!" खालच्या मजल्यावरच्या सोनूबाई म्हणाल्या. सेक्रेटरी राजारामची ही आई. त्या कौतुकाने ताईंना कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं.

डिसेंबर उजाडला. सांताक्रूझच्या मराठी चर्चच्या मंडळीतली तरुण मुलं दरवर्षी घरोघरी जाऊन नाताळची गीतं गात आणि ताईंचं दार वीस वर्षांत कधी चुकलं नव्हतं. "यंदा येऊ नका म्हणून सांग पाळकांना," जयवंतने बजावलं. ताईंनी मान डोलावली. सांगायच्या निश्चयाने त्या रविवारी उपासनेला गेल्याही. पण पाळकांनीच हसत विचारलं, "रतनबाई, नव्या घराचा पत्ता द्या, मुलं यायचीत!" देवाच्या मंदिरात उभं राहून खोटं कसं बोलणार? त्यांनी पत्ता दिला.

आणि नाताळच्या तीन दिवस आधी, दिवेलागणीला, आवारात ढोलकी वाजली!

जयवंतने धावत जाऊन सगळे दिवे मालवले. "कोणी हलायचं नाही!"

"अहो, पुरे झालं आता..." नीला कळवळून म्हणाली.

"चूप!"

खाली गीत सुरू झालं. एक संपलं, दुसरं सुरू झालं. "साळवे! सलाम! दार उघडा!" अशी हाक आली. ज्या गीतांवर आईने त्यांना मांडीवर थोपटलं होतं, ती गीतं ऐकत रतनताई तोंडात पदर कोंबून अंधारात बसून राहिल्या. किती अपमान! आणि कोणाचा? स्वतःचा असता तर त्यांनी तोही गिळला असता...

एवढ्यात दारावर थाप पडली. "रतन! काळोख करून काय बसलात? तुमची माणसं खाली उभी आहेत!"

सोनूबाईंचा आवाज. जयवंतने दार किलकिलं केलं.

"आमची? नाही... काहीतरी चुकतंय त्यांचं. आम्ही नाही ओळखत त्यांना."

"गप रे!" सोनूबाई कडाडल्या. "दिवाळीत तुमच्या दारात कंदील नाही, पणती नाही, आणि फराळाची ताटं मात्र अकरा घरी! आम्ही काय आंधळे? ही दर रविवारी पदराखाली पुस्तक धरून जाते, ते दिसत नाही आम्हाला? ख्रिस्ती आहात म्हणून कोण खातंय का तुम्हाला? पण लपवलंत, त्याचा राग आलाय आमच्या राजारामला. जानेवारीत काय करायचं ते तोच ठरवेल."

जयवंतचा चेहरा पांढराफटक पडला. आणि रतनताई उठल्या.

"ऐकलंस?" त्या जयवंतला म्हणाल्या. "माझं तारुण्य तू मागितलं नव्हतंस, तरी दिलं मी, हसत दिलं! पण हे द्यायला माझं नव्हतंच रे... प्रभूचं नाव होतं ते! कोणासाठी माझं तोंड बंद केलंस? ज्यांना सगळं ठाऊक होतं, त्यांच्यासाठी! आणि आज माझ्यादेखत म्हणालास, ओळखत नाही... मी चालले खाली. तुझं घर तुला लखलाभ!"

त्या जिना उतरून गेल्या. आवारात मुलांनी त्यांना गराडा घातला. सगळ्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या, पहिल्या मजल्यावर राजाराम हाताची घडी घालून उभा होता. रीतीप्रमाणे गीतांनंतर त्या घरच्या कोणीतरी प्रार्थना करायची असते. "बाई, तुम्ही करता ना?" पेटीवाल्या मुलाने विचारलं.

तेवढ्यात मागे पावलं वाजली. जयवंत आला होता, पायात चप्पलही नव्हती. नीला जिन्याशीच थांबली होती.

"ताई, तू कर..." तो खाली मान घालून म्हणाला.

"नाही. या घराचा कर्ता तू आहेस. तू कर."

त्याने वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. वर कोणीतरी खोकलं. मग त्याने हात जोडले.

"प्रभू येशू..." आधी ते नुसतं पुटपुटणंच झालं, पण त्याने पुन्हा सुरुवात केली आणि या वेळी आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला. "प्रभू येशू, हे तुझ्या माणसांचं घर आहे. मी ते लपवलं... जिने मला वाढवलं तिला मी अंधारात बसवलं. तू क्षमा करशील, हे तिनेच मला शिकवलंय. पण तिच्याकडे क्षमा मागायची मला लाज वाटते..."

तो हुंदके देत होता. सगळ्या मुलांनी माना लववून डोळे मिटले होते. रतनताईंनी मात्र त्या प्रार्थनेत डोळे मिटले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच! आमेन होईपर्यंत त्या आपल्या भावाकडे बघत राहिल्या.