न मोजलेली प्रतीक्षा

मिरजेच्या स्मृतिसेतू केंद्रातल्या देखरेख कक्षात मंदाकिनी खाडिलकर सकाळपासून पडद्यासमोर बसल्या होत्या, आणि पडद्यावर एकही आकडा लाल नव्हता. स्फटिककोठारातून एक आठवण वाचायला लागणारा सरासरी वेळ तीन मिलिसेकंद. चुका शून्य. कोठाराचं तापमान ठरल्याप्रमाणे.

काचेपलीकडे चौथ्या खाटेवर शिवलिंग बिराजदार डोळे अर्धवट उघडे ठेवून पडले होते. जतचे निवृत्त जमीन-मोजणीदार, वय बहात्तर. झटका येऊन त्यांच्या मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग निकामी झाला, तेव्हा उरलेले धागे वेचून ते स्फटिककोठारात उतरवले गेले आणि मेंदू व कोठार यांच्यामध्ये सेतू बसवला गेला. त्यानंतर आठ महिने म्हातारबा उत्तम होते. परिचारिकांना नावाने हाका मारत, आणि शेजारच्या खाटेची हद्द आपल्या खाटेत वीतभर शिरली आहे अशी रोज तक्रार करत. मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास ते बोलता बोलता गप्प झाले. आज शनिवार होता.

सेतू देशात मोजके होते. नियम साधा होता : सलग शहाण्णव तास रुग्णाच्या मेंदूने एकही आठवण मागितली नाही, तर सेतू काढून रांगेतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. ती मुदत आज चार वाजता संपत होती. सेतू काढल्यावर कोठारातल्या आठवणी कुणाच्याच उरत नसत, आणि श्वासही फार दिवस उरत नसे.

डॉ. झुबेर मुजावर दार ढकलून आत आले. हातात कागद होता.

"मंदाताई, इथे सही. यंत्रणा सुदृढ, मागणी शून्य. एवढंच."

"वाचते."

"दोन ओळी आहेत हो."

"म्हणूनच वाचते." त्यांनी चष्मा वर सरकवला. "डॉक्टर, सोमवारी वाचनाची सरासरी नऊ मिलिसेकंद होती. आज तीन आहे. कुणी हात न लावता यंत्र तिप्पट चपळ झालं?"

"रस्ता रिकामा असला की गाडी पळतेच. त्यांचा मेंदू काही मागत नाही. ही जी वाचनं दिसतायत, ती यंत्राची स्वतःची तपासणी."

"बरं. आणि मेंदूचं काय?"

"सेतूच्या बाजूला ऊतक तापलंय. साखर भराभर जळतेय. सूज असावी. औषध दिलंय, पण उतरत नाही."

मंदाताईंनी पेन खाली ठेवलं. "रस्ता रिकामा आहे म्हणता, मग पेट्रोल कशाला जळतंय?"

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तुमच्या बाह्यरुग्ण विभागात," मंदाताई म्हणाल्या, "रुग्ण किती वेळ थांबला, ते वहीत कधी लिहितात?"

"आत आला की. आल्याची वेळ आणि आत घेतल्याची वेळ."

"म्हणजे सकाळी आठला आलेला माणूस अजून बाकावरच बसला असेल, तर वहीत तो नाही."

"नाही."

"आणि सगळे पटापट आत गेले, एकटा तोच राहिला, तर वही म्हणणार, आज कुणाला थांबावंच लागलं नाही."

मुजावरांनी पडद्याकडे पाहिलं. "तुमच्या प्रतीक्षा-नोंदी पण तशाच?"

"तशाच. प्रतीक्षा संपली की मगच ती बेरजेत जाते. सरासरी काढतो ती संपलेल्यांची. न संपलेली कुठल्याच आकड्यात नसते. चार दिवस मी बेरजा बघत बसले." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण बोटं वेगाने चालू लागली होती. "बाकावर कोण बसलंय ते बघायचं राहून गेलं."

त्यांनी बेरजेचा तक्ता मिटला आणि या क्षणाला कोण कशासाठी थांबलंय याची यादी मागवली. ती लगेच आली.

पहिलीच ओळ : मागणी करणारा, चौथी खाट. आरंभ, मंगळवार, तीन वाजून अठ्ठावन्न. स्थिती, कुलपाची प्रतीक्षा. ती सुटेना म्हणून तिच्यामागे सहा हजारांवर मागण्या ओळीने अडून उभ्या होत्या. सगळ्या चौथ्या खाटेच्याच.

"या अल्ला," मुजावर खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाले. "ही सूज नाही. हा माणूस दार ठोठावतोय."

"चार दिवस."

"पण कुलूप कशाला? आठवण वाचायची तर आहे. दोघांनी एकच पान वाचलं म्हणून काय बिघडतं?"

"पान असतं तर बिघडलं नसतं. हे तुम्हीच मला शिकवलंत."

मुजावरांनी डोळे मिटले. "हो. आठवणं म्हणजे नुसतं वाचणं नाही. मेंदू आठवण बाहेर काढतो तेव्हा ती मऊ पडते, आणि परत ठेवताना नव्याने लिहिली जाते. दर वेळी. कोठारातसुद्धा आपल्याला तसंच ठेवावं लागलं, नाहीतर मेंदू ती आठवण आपली म्हणून घेईना."

"म्हणून एका वेळी एकाच्याच हातात. एकाने परत ठेवल्याशिवाय दुसऱ्याला नाही. आता कुणाच्या हातात आहे ते बघू."

कुलूप धरणाऱ्याचा रकाना रिकामा होता.

मंदाताई त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिल्या. मग त्यांची कानशिलं तापली. पाच वर्षांपूर्वी अहवाल फार लांब होतो म्हणून त्यांनीच एक गाळणी लिहिली होती. यंत्र माणसाची वाट बघत असेल, म्हणजे माणसाने पुढचं बटण दाबायची, तर ती निवांत प्रतीक्षा. ती यंत्राचा दोष नसते. या धंद्यातला प्रत्येक जण ती अहवालातून वगळतो, हात धुतल्यासारखी सवयीने.

त्यांनी ती एक ओळ खोडली. चौकोन भरला.

दर्शनपट्टी क्रमांक चार. मंगळवार, तीन सत्तावन्नपासून. पाहणाऱ्याची वाट पाहत आहे.

दोघांनी एकदमच काचेपलीकडे पाहिलं. खाटेजवळच्या स्टुलावर बिराजदारांची मुलगी गिरिजा बसली होती. एसटीत कंडक्टर होती, रजा टाकून आली होती. तिच्या कपाळावर करडी पट्टी होती. नातेवाइकांना रुग्णाची एखादी आठवण पाहता यावी म्हणून केंद्र ती पट्टी देत असे.

"दहा मिनिटांनी ती आपोआप सुटते ना?" मंदाताईंनी विचारलं.

"सुटायची." मुजावरांचा आवाज खाली गेला. "मीच ती मर्यादा काढायला लावली. लोक रडत असायचे आणि पट्टी मध्येच बंद पडायची. बघवत नव्हतं."

ते आत गेले तेव्हा गिरिजा उठून उभी राहिली. डोळे तारवटले होते.

"चार वाजले का?" तिने विचारलं.

"नाही. गिरिजाताई, पट्टीत काय चालू आहे?" मंदाताई म्हणाल्या.

"काय नाही, थांबवून ठेवलीय. सिस्टर म्हणाल्या, बंद केली तर परत अर्ज करायला लागंल. म्हटलं राहू दे. जेवताना, झोपताना, काढलीच नाही. अप्पा बोलत नाहीत, एवढं तरी बघायला."

"मंगळवारी ती लावलीत तेव्हा त्यांना काही विचारलं होतं?"

"विचारलं की. म्हटलं, अप्पा, माळावरची मोजणी आठवते का? ते म्हणाले, थांब, सांगतो." तिने चादरीची सुरकुती सरळ केली. "आणि मग काहीच बोलले नाहीत."

मुजावरांनी तोंड फिरवलं. मंदाताईंनी शेजारचं स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. बाकावरच्या माणसाचा दाखलाही दिला. गिरिजाला तो लगेच कळला. शेवटच्या थांब्यावर राहून गेलेला प्रवासी तिकिटांच्या हिशेबात दिसत नाही, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचा हात झटकन कपाळाकडे गेला.

"थांबा!" मंदाताईंनी तो धरला. "आधी ऐका. थांबवलेलं चित्रसुद्धा तुमचा मेंदू क्षणाक्षणाला वाचत असतो. आणि वाचणं म्हणजे लिहिणं. चार दिवस ती आठवण तुम्ही लिहिताय."

"मी काय लिहिलं? मी नुसतं बघितलं!"

"कोठारात फक्त गाठी असतात. कोण होतं, कुठे होतं, काय बोललं. मधलं सगळं वाचणारा मेंदू आपल्याकडचं घालून भरतो. काय दिसतं तुम्हाला त्यात?"

गिरिजाने वडलांकडे पाहिलं. "मी सहा वर्षांची. मोजणीला शिपाई आला नव्हता, म्हणून अप्पांनी मला नेलं. साखळीची कडी माझ्या हातात दिली, म्हणाले, सोडायची नाही, आणि दुसरं टोक घेऊन चालत गेले. मोठा माळ. झाड नाही, माणूस नाही. पट्टीत ते अप्पांच्या डोळ्यानं दिसतं, वळून बघितलं की मी एवढुशी, लांब. पण ताई, बघताना छातीत धडधड होती ती माझीच. ते परत येतील का, असं."

"ते मागे फिरवता येईल?" मुजावरांनी मंदाताईंना विचारलं.

"येतं. प्रत्येक थर उलट्या क्रमाने उतरवावा लागतो. मी हिशेब केला, सत्तेचाळीस तास. आणि तोपर्यंत कुलूप तसंच."

"चारला सेतू काढायचं मी थोपवीन. मेंदूतल्या या पेशींना कोण थोपवणार? चार दिवस अखंड ठोठावतायत. रात्रीपर्यंत टिकल्या तरी पुष्कळ."

गिरिजा आळीपाळीने दोघांकडे पाहत होती. "म्हणजे आत्ता सोडलं तर मी बिघडवलेली आठवण त्यांना मिळणार. नाही सोडलं तर अप्पाच जाणार."

"बिघडवलेली म्हणू नका," मंदाताई म्हणाल्या. "पण त्यांची जशी होती तशी ती आता कुठेच नाही. आणि पुढे किती बदललेली निघेल, हे मला खरंच सांगता येत नाही. तुम्ही ठरवायचं."

तीन वाजत आले होते. गिरिजाने वडलांच्या कपाळावरून हात फिरवला. मग स्वतःची पट्टी वर सरकवली, काढली, आणि मंदाताईंच्या हातात दिली.

"बंद करा."

मंदाताईंनी कळ दाबली.

काचेमागे घंटा वाजू लागली. देखरेख कक्षातला अख्खा पडदा लाल झाला होता. प्रतीक्षा संपली होती, म्हणून आत्ता ती मोजली गेली होती : पंच्याण्णव तासांहून जास्त, एकाच मागणीसाठी. तीन मिलिसेकंदांची सरासरी एका झटक्यात मिनिटांत गेली. मुजावर घंटा बंद करायला धावले. मंदाताई जागच्या हलल्या नाहीत.

मागे थांबलेल्या सहा हजार मागण्या एकामागून एक पुढे सरकल्या असाव्यात, कारण बिराजदारांच्या पापण्या सारख्या फडफडत होत्या. मग त्या थांबल्या आणि डोळे पूर्ण उघडले. उजवा हात चादरीवरून वर आला. मूठ घट्ट आवळलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडली होती, जणू आत काही धरलं होतं.

"अप्पा!" गिरिजा वाकली.

म्हातारबांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओळख पटली, आणि ओठ थरथरले.

"अप्पा," ते तिला म्हणाले, बारीक आवाजात, "किती लांब गेलता तुम्ही. मी सोडली नाही."

गिरिजाने मंदाताईंकडे पाहिलं. गाठी सगळ्या जागेवर होत्या, फक्त गिरिजाने भरलेल्या भीतीबरोबर म्हातारबाही साखळीच्या दुसऱ्या टोकाला, त्या सहा वर्षांच्या मुलीच्या जागी, जाऊन उभे राहिले होते.

मूठ अजून तशीच वर होती. गिरिजाने पदराने डोळे पुसले, दोन्ही हातांनी ती मूठ धरली आणि तिचं एकेक बोट हलकेच उघडू लागली.

"आलो बघ," ती म्हणाली. "झाली मोजणी. आता सोड, बाळा."