सहाशे बारा

"सहाशे बारा! या अल्ला, सहाशे बारा!" जुलेखाबींनी दवाखान्याची हिरवी वही सुनेपुढे आपटली. "तुज्या अंगातले जंतू वाढतच चालले, फहमिदा. अल्फियाला माज्याकडं ठेव आनि तू मायेरी जा!"

फहमिदाने वही उचलून छातीशी धरली. दहा वर्षांची, देवकृपेने निरोगी असलेली एकुलती लेक... तिलाही सोडायचं? आखातातून आजारी परतलेल्या नवऱ्याने, शाहीदने, मरणापूर्वी विनवलं होतं, "माझ्यापासून तुला झालं, हे अम्मीला कळू देऊ नकोस". आणि वेड्या फहमिदाने 'रोग माझ्यापासूनच आला' असं सांगून सात वर्षं सासूचे शिव्याशाप पदरात घेतले! सारं घर एकाच मोठ्या थाळ्यातून जेवायचं, हिचं ताट मात्र मोरीजवळ. दर सहा महिन्यांनी सासू चोरून वही बघायची, आकडा वाढला की ताट आणखी दूर. विचारायचं मात्र कुणालाच नाही, अब्रू आडवी यायची ना!

"अम्मी, आज नव्या तपासणीचा रिपोर्ट आणायला माझ्याबरोबर चला," फहमिदा डोळे पुसत म्हणाली. "मग सांगाल तसं करीन."

पनवेलच्या सरकारी दवाखान्यातल्या समुपदेशक शकूताईंपुढे तिने स्वतःच वही ठेवली. "अम्मींसमोरच सांगा, ताई."

"आजी, हे जंतू नव्हेत, हे हिचे शिपाई! रोगाशी लढणाऱ्या पेशी. मोहरीच्या दाण्याएवढ्या रक्तात सहाशे बारा. आली तेव्हा एकशे अठराच होत्या." शकूताईंनी दुसरा कागद उलगडला. "आणि एचआयव्हीचा विषाणू किती, ते ही नवी तपासणी सांगते. यंत्राने शोधलं, पण सापडलाच नाही."

"मेला?"

"दडलाय. गोळ्या सुटल्या तर पुन्हा उठेल. पण हिने सात वर्षांत एक गोळी चुकवली नाही. आणि आजी, एका ताटात जेवून हा रोग होत नाही, कधीच होत नाही!"

जुलेखाबी थक्क होऊन सुनेच्या मनगटावरच्या निळ्या शिरेकडे पाहत राहिल्या. एवढ्याशा थेंबात एवढी फौज... आणि कुणी तिच्या पाठीशी उभं नसताना ती रात्रंदिवस लढत होती! "सुभानल्ला..." त्या पुटपुटल्या. "माज्या शाहीदनं बी वेळेत गोळ्या घेतल्या असत्या तर..."

फहमिदा दचकली. "अम्मी! तुम्हाला... ठाऊक होतं?"

"त्याचा तिकडच्या तपासनीचा कागद माज्याच पेटीत हाय. उरनला जाऊन वाचून घेतलावता." म्हातारीला हुंदका आवरेना. "मेलेल्या लेकाला दोष देववेना गो... म्हनून जित्या सुनेला दिला!"

दुपारी थाळा मांडला. मोरीजवळचं ताट जुलेखाबींनी स्वतः उचलून फळीवर ठेवलं आणि फहमिदाला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं. तिचा हात काही केल्या थाळ्यात जाईना... सात वर्षांची सवय ती! तेव्हा जुलेखाबींनी माशाचा काटा काढला, जसा त्या अल्फियासाठी काढायच्या तसाच, आणि मऊ तुकडा तिच्यापुढे सरकवला.

"बिस्मिल्ला कर, बेटी. भात निवतोय."