अखेरच्या दगडाअलीकडं

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं? सोयऱ्यावर ठेवाल, तर तो लग्नापुरता गोड. कागदावर ठेवाल, तर लिहिणारा कोण ते बघावं लागतं. शहरातल्या गुलमंडी बाजारातले जुने व्यापारी म्हणायचे, तराजू सगळ्यांचेच खरे असतात, बघायचा तो धरणाऱ्याचा अंगठा. बद्रीनाथशेटनं मात्र जन्मभर एकाच माणसावर डोळे मिटून विश्वास ठेवला. आपल्या पणज्यावर, कडूबावर.

बद्रीनाथ मूळचा देवगाव रंगारीचा. शाळा नावापुरती, पण गुलमंडीतल्या सरकी-पेंडीच्या धंद्यात असा मुरलेला, की पोत्याला नुसता हात लावून वजन सांगायचा. काट्यावर शेर-दीडशेराचा फरक पडला तर काटा दुरुस्तीला पाठवायचा. पोलीस ॲक्शनला दहा वर्षं होत आली होती. गावाकडच्या शिवेच्या मळ्यात त्याला पाडव्याला दगड उभारायचा होता. मजकूर ठरलेला: 'ही जमीन कडूबांनी शीव चालून राखली.'

आता शीव चालणं म्हणजे काय, तर जुन्या काळी हद्दीचं भांडण पेटलं की दावा सांगणाऱ्यानं शिवेची ओली माती डोक्यावर घ्यायची आणि पंचांसमोर अनवाणी सगळी शीव चालायची. माती सांडली, दावा गेला. खोटा चालला तर त्याचा वंश बुडतो, असं मानायचे. बद्रीनाथच्या घरात बारसं असो की तेरावं, हीच गोष्ट निघायची: कडूबा भर उन्हात चालला आणि ढेकूळसुद्धा सांडलं नाही. त्या गोष्टीवर घरातली पुरुषमाणसं ताठ मानेनं फिरायची.

पण गावच्या चावडीवर शेजारच्या मळ्याचे आप्पासाहेब पाटील सगळ्यांदेखत म्हणाले, "शेट, तुमचा पणजा चालला का पळाला, कोन पाहाया गेलतं? कागद असंल तर दाखवा."

"दाखवतो ना. पाडव्याच्या आत."

म्हणून फाल्गुनात एका दुपारी बद्रीनाथ शहरातल्या जुन्या दफ्तरखान्यात गेला. सोबत चांदपाशा. निजामाच्या अमलात मुन्शी असलेला हा माणूस, कचेऱ्यांत मराठी आल्यापासून बाहेर लिंबाखाली अर्ज लिहीत बसायचा. जुनी उर्दू वाचावी तर त्यानंच. शिपायानं लाल फडक्यात बांधलेली जुनी जमीन-बंदोबस्ताची वही टेबलावर टाकली, दार लोटलं आणि भाकरी खायला गेला.

"घाई करा, मुन्शीजी."

"बैठो, शेट. उर्दू को जल्दी नक्को करो, रूठ जाती."

पानं पापडासारखी वाजत होती. जुन्या कागदाचा आणि वाळवीच्या औषधाचा वास नाकात बसला होता. अर्ध्या तासानं चांदपाशाचं बोट थांबलं. "ये लो. शिवेचा मळा. मालक... कडूबा."

बद्रीनाथचा ऊर भरून आला. "बघा. म्हणलं नव्हतं? पुढं?"

चांदपाशानं चष्मा पुसला. "पुढं शेरा है, शेट. 'दावेदार कडूबा हजर नाही. कडब्याच्या गंजीमागं लपलेला सापडला. त्याच्या बदली भावजय साळूबाई, विधवा, माती घेऊन चालली...'"

बद्रीनाथनं वहीवरून नजर काढली. साळूबाई. हे नाव त्यानं घरात कधी ऐकलं नव्हतं. पितरांना घास टाकतानासुद्धा नाही.

"पुरे," तो म्हणाला. "वरचीच ओळ उतरवा."

"अर्धी सतर?"

"अर्धी म्हणा. दगडावर जागा थोडी आहे."

चांदपाशानं टाक खाली ठेवला. "नौकरी गई, शेट. मगर अर्धी सतर कभी नहीं लिखी."

तेवढ्यात वास बदलला. नुकतंच पाणी दिलेल्या काळ्या रानाचा वास. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि आत ओल...

मग पावलं. कपाटांच्या मागून, भिंतीच्या कडंकडंनं. अनवाणी, सावकाश. डोक्यावर ओझं असलेलं माणूस जसं तोलून चालतं, तशी. ती सगळी खोली फिरून आली आणि दाराच्या हातभर अलीकडं थांबली. पुन्हा पहिल्या कोपऱ्यापासून सुरू झाली.

"मुन्शीजी... शिपाई आला का?"

"नाय."

"मग कोण..."

"मेरेकू नक्को पूछो." चांदपाशानं पाय खुर्चीवर ओढून घेतले होते. "शेट, तुमची टोपी..."

बद्रीनाथला टोपी गार लागली. मग जड. पोत्याला हात लावून वजन सांगणाऱ्या त्या माणसाला या ओझ्याचा अंदाज येईना. ते वाढत चाललं. मान खाली गेली, हनुवटी छातीला टेकली. कानामागून काहीतरी ओलं, बारीक ओघळलं. पावलं दाराशी आली. थांबली. पुन्हा पहिल्यापासून...

"उरलेलं वाचा," तो कसाबसा म्हणाला.

चांदपाशा कुजबुजत वाचू लागला. "'बाई अखेरच्या दगडाअलीकडं उन्हानं पडली. जागीच वारली. दोन्ही हात डोक्यावरच्या मातीला धरलेले. माती सांडली नाही. पंचांनी दावा खरा मानला.'"

भीती होतीच. पण तिच्या तळाशी दुसरंच काहीतरी उसळलं. गंजीमागं लपलेल्या माणसाच्या नावावर चार पिढ्या ताठ चालल्या होत्या. आणि खरा ताठा त्या बाईचा, उन्हात पडली तरी मातीवरचे हात सुटले नव्हते.

"माझ्या घरची बाई," बद्रीनाथ म्हणाला. "लिहा. सगळं लिहा. कडब्याची गंजसुद्धा."

टाक कुरकुरू लागला. पावलं निघाली, फिरली, दाराशी आली, थांबली. चांदपाशानं शेवटचा शब्द लिहिला, आणि आणखी एक पाऊल पडलं. दाराला लागून.

मग काही नाही. बद्रीनाथची मान वर आली. शिपाई परत आला तो कुरकुरतच: "दारात माती कोनी आनली हो? झाडून गेल्तो मी."

पाडव्याला दगड उभा राहिला. 'ही जमीन साळूबाईनं शीव चालून राखली.' गाव जमलं होतं. बद्रीनाथनं सगळी नक्कल वाचली, एक शब्द गाळला नाही.

आप्पासाहेब हळूच म्हणाले, "शेट, गंजीचं सांगायची काय गरज होती?"

"ती गाळली तर बाई केवढी होती ते कसं कळंल, आप्पा?"

आप्पासाहेबांनी पागोटं काढून दगडापुढं ठेवलं. त्या दिवशी बद्रीनाथ जसा ताठ चालला, तसा जन्मात चालला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाहिलं. पाणी दिलेल्या रानात अनवाणी पावलांचे ठसे सगळ्या शिवेनं फिरून दगडापाशी आले होते. त्याचं त्याला नवल वाटलं नाही. त्यानं हात जोडले. पण ठसे तिथं संपले नव्हते. दगड ओलांडून ते गाडीवाटेला लागले होते, शहराच्या दिशेनं. आणि खोल रुतलेले होते, डोक्यावर अजून ओझं असल्यासारखे. साळूबाईची माती तर उतरली होती. मग ही कुणाची, आणि कुणाच्या दाराशी चालली, ते आजवर कुणाला कळलं नाही.

म्हणून हात जोडून सांगतो. तुमच्याही घरच्या गोष्टीत एखादी ओळ अर्धी राहिली असंल. घरात ओल्या मातीचा वास यायच्या आत ती पुरी करा. हिशेब खरा ठेवा, बाबांनो.