उशिरा आलेली ओ

परभणीत स्टेशनजवळ माझ्या नातीचं, रुपालीचं, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. राणीसावरगावहून एसटीनं मी तिथं हार्ड डिस्क घेऊन गेलो, फडक्यात गुंडाळून. तिच्यात लोकर कातरणीच्या दिवसाचा व्हिडिओ होता. माझी बायको भिवरा मेंढरांत पाठमोरी उभी असते, मी हाक मारतो आणि ती वळून त्रासिकपणे म्हणते, "काय वो?" भिवराला जाऊन वर्ष झालं. तिचा आवाज तेवढाच उरला होता.

रुपालीनं डिस्क जोडली. आत कटकट झाली. पडद्यावर अक्षरं आली. साठीनंतर तिनंच मला वाचायला शिकवलं, म्हणून बोट ठेवून वाचली: उपकरण उत्तर देत नाही.

"डिस्क लय हळू झालीय, आबा. कॉम्प्युटरात ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो, तो तिला हाक मारतो. अर्धा मिनिट ओ न्हाई आली तर हलवून परत मारतो. तरी गप राहिली, तर मेली म्हणून सोडून देतो."

"तुझी आजी तीन हाका मारल्याबिगर ओ देत नव्हती. तिलाबी मेलीच म्हणला असता की!"

रुपाली हसली. तिनं थांबायची मुदत वाढवली. व्हिडिओ सुरू झाला आणि भिवरा वळायच्या बेतात असताना अडकला. पदर निम्मा सरकलेला, गाल जरासा दिसणारा.

"मुदतच काढून टाक," मी म्हणालो.

"नको, आबा. सोडून दिलेल्या हाकेची ओ मागून आली, तर ड्रायव्हर ती टाकून देतो. मुदतच नसली, की जे येईल ते घ्यावं लागतं."

"येऊ दे."

तिनं मुदत काढली. बाहेर ऑटोवाले भाड्यावरून भांडत होते. आमचा चहा पिऊन झाला. डिस्कची कटकट थांबली होती. हात लावला तर गार.

"बंद पडली का?"

"दिवा चालू हाय."

मी वाकलो आणि रानात मारायचो तशी हाक मारली. "भिवरे!"

चित्र हललं.

भिवरा वळली नाही. तिच्या मागची मेंढरं दोन्हीकडं सरली आणि मधून वाट मोकळी झाली. वाटेवर कुणीच नव्हतं.

लांबून आवाज आला. "आले."

रुपालीनं माझ्याकडं पाहिलं. "आजी असं म्हणायची?"

"कधीच न्हाई."

तिनं वायर उपसली. ती डिस्क पुन्हा चालली नाही.

तेव्हापासून मी भिवराचं "काय वो" आठवायला बसतो. कानात ते येत नाही. दुसरंच येतं.

दिवेलागणीला मेंढरं जाळीच्या कुंपणात बसली की मधून वाट मोकळी होते, कुंपणाच्या दाराकडून माझ्या बाजेकडं. रोज ती थोडी पुढं सरकते.

आज कुत्रं बाजेखालून उठून लांब जाऊन बसलं आहे.