फाउंड्रीतला भरलेला खड्डा

गुप्तहेर अक्कांच्या कचेरीत आलेली मुलगी खुर्चीवर टेकायलाच तयार नव्हती. तिचा भाऊ बंद फाउंड्रीचे फोटो काढायला गेला होता. तिथे क्रेनच्या शिडीवरून पडला म्हणे. डोक्याला मागून खोक पडली होती आणि तो इस्पितळात बेशुद्ध होता. त्याचे काळेकुट्ट हात धुताना नर्सच्या नाकी नऊ आले होते. त्याला चढताना आणि पडताना त्यांच्या सख्ख्या काकाने पाहिलं होतं.

"तो माळ्यावर चढायला घाबरतो," मुलगी म्हणाली. "शिडी कशाला चढेल?"

अक्का उठल्या. त्यांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, भावोजी, त्यांची गाडी चालवत. चहा अर्धवट टाकून तेही निघाले.

फाउंड्रीत भावोजींच्या जिवाला चैन पडेना. वारा पत्र्यांत शिरला की वर कुणी चालतंय असं वाटे. भावाबरोबर फोटो काढायला आलेला मित्र तिथे भेटला. त्या दिवशी तो लांब भट्टीपाशी होता. आरडाओरडा ऐकून धावला, तर काका आधीच तिथे. काका इथला जुना मुकादम, किल्ल्या त्याच्याचकडे.

ओतकामाचे खड्डे ओळीने रिकामे होते. शिडीखालचा एकच मऊ काळ्या वाळूने काठोकाठ भरलेला, मधोमध उकरलेला. भाऊ सापडला तो त्यातच.

अक्कांनी भावोजींना शिडी चढायला लावली. धापा टाकत ते उतरले, तांबडेलाल तळवे नव्या रुमालाला पुसले आणि बायको काय म्हणेल या काळजीत पडले.

मुलीचे वडीलही इथलेच कामगार. फाउंड्री बंद पडली त्याच दिवशी घर सोडून गेले, असं ती म्हणाली.

"भावाजवळ आत्ता कोण आहे?"

"काका. उशाशीच बसलाय."

अक्कांनी पोलिसांना फोन लावला. भावोजींनी गाडी अशी कधीच हाणली नव्हती.

फौजदार इस्पितळातल्या खोलीच्या दारात उभा राहिला, तेव्हा अक्का काकासमोर बसल्या.

"शिडी चढला असता तर हात गंजाने लाल झाले असते. ते काळे होते. तो वाळू उकरत होता. मऊ वाळूत पडून डोकं फुटत नाही. तुम्ही खोटं बोललात, कारण तो खड्डा तुम्हीच भरलाय. मुलाला तेवढाच एक भरलेला दिसला आणि संशय आला. आत तुमचा भाऊ, या मुलांचा बाप आहे ना?"

काका बराच वेळ पांघरुणाची घडी नीट करत राहिला.

"संपात मी मालकाला सामील होतो. दादाला कळलं. घरी जाऊन वहिनीला सांगतो म्हणाला, म्हणून खड्ड्यात ढकललं. परवा हा उकरायला लागला, तेव्हा हातात पहार होती."

दुसऱ्या दिवशी वाळू उपसली गेली. भावाने डोळे उघडले, पण आईला सांगायचं कुणी? मुलीला एकटीने जायचा धीर होईना. भावोजी तिच्याबरोबर गेले.

नवरा टाकून गेला, हे आईने इतकी वर्षं दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं होतं. आता तिने सगळं ऐकून घेतलं. हातातली भाजी तशीच राहिली.

"म्हणजे त्या दिवशी," तिने भावोजींना विचारलं, "ते घरीच यायला निघाले होते?"

"हो, वहिनी. घरीच."