खिशातलं निमंत्रण

नेहमीच्या सवयीने वहिनींनी कोटाचा खिसा उलटा केला... आणि इस्त्री हातातच राहिली!

सोन्याचा, त्यांच्या धाकट्या दिराचा, नवाकोरा कोट होता तो, कंपनीने संध्याकाळी ठेवलेल्या सत्कारासाठी मुद्दाम शिवलेला. खिशातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा टेबलावर पडला. गुळगुळीत कागद, सोनेरी कड, आणि वर ठळक अक्षरांत, ‘तुमच्या विश्वासाच्या लाँड्रीकडून, तुमच्या भाग्योदयाचं निमंत्रण!’ खाली दुकानाचा पत्ता. त्यांच्याच दुकानाचा!

या लाँड्रीत कपडे टाकताना गल्लीतलं कोणी खिसे तपासत नसे. चिल्लर, किल्ली, औषधाची चिठ्ठी, एकदा तर कुणाची साखरपुड्याची अंगठी... जे सापडेल ते वहिनी धुतलेल्या कपड्याच्या वरच्या खिशात ठेवत आणि खिशाला टाचणी लावून परत पाठवत. ती टाचणी दिसली की आत आपलीच वस्तू आहे, खरी आहे, हे लोक न बघताच धरून चालत.

“सोन्या, ही कार्डं कुठं वाटलीस रे?”

सोन्या आरशापुढे भांग पाडत होता. तो हसला. “वाटली कुठं? घातली! घरी जाणाऱ्या प्रत्येक शर्टाच्या वरच्या खिशात, टाचणी लावून, अगदी तुझ्यासारखी! वहिनी, लोक माझं ऐकतच नव्हते गं. तुझ्या टाचणीनं निम्मी गल्ली जाळ्यात... म्हणजे, योजनेत आली.”

जीभ घसरली हे त्याच्या लक्षातही आलं नाही. वहिनींच्या मात्र काळजात ते रुतून बसलं.

योजना काय, तर कंपनीकडून शक्तिवर्धक पावडरीचे डबे घ्यायचे आणि सभासद व्हायचं. मग आपण दोघांना आणायचं, त्या दोघांनी आणखी दोघा-दोघांना, आणि प्रत्येकाच्या खरेदीतला वाटा वरच्याला. पावडर कोणी खात नव्हतं. डबे खाटेखाली आणि माळ्यावर, माणसं मात्र हवेत!

“मग शेवटच्याने कोणाला आणायचं?” वहिनींनी मागे एकदा विचारलं होतं.

“याला शेवटच नाही, वहिनी!”

“शेवट नाही तो फक्त मळक्या कपड्यांना,” असं म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं होतं. पोराला घाम गाळायचा कंटाळा, चार दिवसांत जमिनीवर येईल, असं वाटलं होतं. चुकलंच ते! लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सासूबाई नुकत्याच गेल्या होत्या, आणि दाराशी उभं असलेलं हे शेंबडं पोर त्यांच्या पदराला जे चिकटलं, ते त्यांनी कधी सोडवलं नाही. स्वतःची कूस रिकामी राहिली याचं दुःख सोन्याकडे पाहून त्या विसरल्या होत्या. त्याला ताप आला की त्यांचे डोळे सुजत. अशा पोराला आपण एवढं कसं ओळखलं नाही?

“आवर गं लवकर,” नवरा आत डोकावून म्हणाला. भाड्याच्या सुटात तो पेटीत बसवल्यासारखा ताठ चालत होता. “स्टेजवर घरच्या वडीलधाऱ्यांनी दोन शब्द बोलायचे असतात. सोन्या म्हणतोय, तूच बोल.”

“बोलते,” वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांत जास्त सभासद आणले म्हणून सोन्याचा सत्कार होता, आणि हॉल खचाखच भरला होता. कंपनीचे पांढऱ्या बुटांतले साहेब स्टेजवर येरझारा घालत श्रीमंतीची स्वप्नं वाटत होते, आणि सत्कारानंतर नव्यांनी पैसे भरायचे म्हणून कोपऱ्यात टेबलं मांडून ठेवली होती. त्या टेबलांसमोरच्या रांगेत वहिनींना ओळखीचे चेहरे दिसू लागले. शिंपी, त्याची बायको, शाळेतला शिपाई... सगळ्यांनी त्यांच्याकडे बघून हात हलवले. खुर्च्यांच्या पहिल्याच रांगेत बसलेली निवृत्त नर्स मोठ्याने म्हणाली, “तुमच्या खिशातून आलं म्हणून डोळे झाकून पैसे भरले हो, वहिनी!”

माईक हातात आला. सोन्या शेजारी उभा होता, चेहरा आनंदाने फुललेला... किती देखणा दिसत होता! त्याचं नाव घेतलं तर हे लोक त्याला उद्या गल्लीत उभं राहू देणार नाहीत. आणि गप्प राहिलं, तर त्या टेबलांशी घरंच्या घरं बुडणार. क्षणभर त्यांनी डोळे मिटले. मग मान वर केली.

“या कार्डावर माझ्या दुकानाचा पत्ता आहे,” त्या म्हणाल्या. “पण ही वस्तू तुमच्या खिशातली नव्हती. माझ्या दुकानातून ती गेली, म्हणजे माझ्याच हातून गेली. दोष माझा. शेवटी येणाऱ्याच्या पैशावर आधी आलेल्याची पोळी भाजणारा हा धंदा आहे. ज्यांनी अजून पैसे भरले नाहीत, त्यांना हात जोडून सांगते, घरी जा!”

एकच गलका उडाला! टेबलांपुढची रांग मोडली. साहेबांनी माईक हिसकावून घेतला. सोन्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि स्टेजच्या पायऱ्यांवरच तो वहिनींवर ओरडला, “माझं सोनं झालेलं तुला बघवलं नाही! आजपासून तू मला मेलीस!”

तो घर सोडून गेला. नवऱ्याने बोलणं टाकलं. दिवसभर तो बॉयलरशी बोलायचा, बायकोशी नाही. आणि गल्ली? जे वाचले ते वाचल्याचं विसरले आणि जे बुडाले ते लाँड्रीवालीने बुडवलं म्हणू लागले. “आधी गळाला लावलं, मग साळसूदपणा!” नर्स भर रस्त्यात बोलली. गिऱ्हाईक निम्म्यावर आलं. येणारेही आता काउंटरवर, त्यांच्या देखत, खिसे उलटे करून बघत... वहिनी एक शब्द बोलल्या असत्या तर डाग पुसला गेला असता. पण तो शब्द सोन्याचं नाव होता, आणि ते नाव त्यांच्या ओठांवर आलं नाही. मान मात्र त्यांनी एकदाही खाली घातली नाही.

कंपनीच्या कार्यालयाला कुलूप लागल्याची बातमी आली, तेव्हा नवरा बॉयलर सोडून काउंटरपाशी येऊन उभा राहिला. “तू बोलली नसतीस, तर आणखी किती घरं...” वहिनींनी त्याच्या हातात इस्त्री दिली. “शर्ट पडलेत,” त्या एवढंच म्हणाल्या, पण किती दिवसांनी त्या दोघांनी एकत्र चहा घेतला!

सोन्याचा मात्र पत्ता नव्हता.

मग एका दुपारी नर्सच्या इमारतीत कपडे पोचवायला गेलेल्या वहिनी जिन्यातच थबकल्या. वरून ओळखीचा आवाज येत होता.

“ते कार्ड मी घातलं होतं, बाई. टाचणीसकट. वहिनीला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. हॉलमध्ये तिनं माझं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं... मी गोदामात हमाली करतोय. तुमचे पैसे जमतील तसे आणून देईन. पण तिला बोलू नका!”

“वहिनींनी पाठवलं का तुला?” नर्सचा आवाज कडक होता.

“नाही. तिला तोंड दाखवायची माझी हिंमत नाही.”

मग नर्सचा घोगरा आवाज आला, “इतके दिवस मी त्या माउलीला नको नको ते बोलले रे...” आणि दार हलकेच लागलं.

सोन्या वळला. समोर, चार पायऱ्या खाली, वहिनी उभ्या होत्या. त्याचे खांदे ओझ्याने सोलवटले होते, गाल बसले होते, अंगातला शर्ट घामाने मळलेला होता. पण या पोराचा त्यांना आजच्याइतका अभिमान कधीच वाटला नव्हता! डोळ्यांतून धारा लागल्या, आणि त्यांनी त्या पुसल्याही नाहीत.

“वहिनी...” तो पायरीवरच बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. “चल म्हण... घरी चल म्हण गं...”

वहिनींनी कपड्यांचं गाठोडं एका बगलेत मारलं आणि दुसऱ्या हाताने त्याला दंडाला धरून उभं केलं.

“घरी जायचंच आहे, राजा. पण वरच्या मजल्यावरही तुझं कार्ड गेलंय, तो राहिलाय अजून.”

आणि तो पुढे झाला, तशा एक पायरी मागे राहून त्या त्याच्याबरोबर चढू लागल्या.